पन्हा बहात्तर इंच

चोवीस वर्षं मी रंगाच्या कारखान्यात शेड जुळवल्या. ग्राहकाकडून नमुना यायचा. कधी कापडाचा तुकडा, कधी बाथरूमची टाइल, एकदा तर देवघराच्या जुन्या दाराची ढलपी. तोच रंग डब्यात उतरवायचा. ड्रॉडाउनच्या, म्हणजे रंगाचा सारखा थर ओढून पाहायच्या, कागदावर पट्टी ओढायची, वाळवायची, नमुन्याला लावून दिव्याच्या पेटीत धरायची. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग दिवसाच्या उजेडात वेगळा दिसला की पुन्हा पहिल्यापासून. या काळात किती हजार लाल माझ्या डोळ्यांखालून गेले ते सांगता येणार नाही. पण त्यातला एकही माझ्या तळहातापेक्षा मोठा नव्हता.

स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा हीच गोष्ट मनात होती. मला रंग माझ्यापेक्षा मोठा पाहायचा होता. भिंतीला लावलेला नाही. भिंतीचा रंग आपल्या पाठीमागे असतो, त्याला लागून आपण कपाट उभं करतो. मला समोरासमोरचा रंग हवा होता. एक मोठं चित्र, त्यात तीनच रंग, लाल, पिवळा, निळा, आणि त्यांच्यात काहीही चितारलेलं नाही.

मामांना सांगितलं. माझे मामा जे.जे. कला महाविद्यालयाचे, चित्रकार पळशीकर तिथे शिकवत होते त्या काळातले विद्यार्थी. आयुष्यभर दुकानांच्या काचा आणि प्रदर्शनांचे स्टॉल सजवून संसार केला आणि रात्री स्वतःची अमूर्त चित्रं केली. आता पंच्याहत्तरी उलटलीय आणि उजवा खांदा वर जात नाही. मला वाटलं ते रचनेबद्दल काही विचारतील. ते म्हणाले, "अगं, कापड किती पन्ह्याचं मिळतंय ते आधी बघून ये. चित्राची उंची तिथेच ठरते."

आणि तसंच झालं. मशीद बंदरला ताडपत्री आणि कॅनव्हासच्या दुकानात डक नावाचं जाड सुती कापड मिळालं, पन्हा बहात्तर इंच. फ्रेमवरून मागे वळवायला दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच सोडले की उरतात सहासष्ट. म्हणजे साडेपाच फूट. माझी उंची पाच फूट दोन इंच. चित्र माझ्यापेक्षा चार इंचांनी मोठं होणार होतं, तेवढं मला पुरेसं वाटलं. लांबी दहा फूट धरली, कारण भांडुपच्या ज्या गाळ्यात मला जागा मिळाली होती त्याची मोकळी भिंत अकरा फुटांची होती. गाळा मैत्रिणीच्या यजमानांचा. अर्ध्या भागात त्यांचे पुठ्ठ्याचे खोके रचलेले, उरलेला अर्धा मे ते सप्टेंबर माझा.

डावीकडे तीन फूट लाल, मधे पाच फूट पिवळा, उजवीकडे दोन फूट निळा, अशी वाटणी केली. पिवळा सगळ्यात मोठा ठेवला, कारण कारखान्यात मला सर्वांत जास्त त्रास पिवळ्यानेच दिला होता.

फ्रेमचं काम सुताराने चार दिवसांत केलं. दहा फुटांच्या दांड्या मधोमध नट-बोल्टने जोडलेल्या, म्हणजे सोडवता येतील. पुढची कड आतल्या बाजूला तासलेली, म्हणजे ताणलेलं कापड लाकडाला टेकून त्याचा वळ चित्रावर उमटणार नाही. मधे तीन आडवे आधार. कापड ताणायला मी, माझी लेक आणि दोन पक्कडी. मध्यापासून सुरुवात करून कोपऱ्यांकडे जायचं, समोरासमोर एकेक टॅकरची पिन मारत. संध्याकाळी कापडावर टिचकी मारली तर ढोलकीसारखा आवाज आला. मामांना फोनवर ऐकवला.

अस्तर मी घरीच तयार केलं. शंभर टक्के ॲक्रिलिक इमल्शन, त्यात व्हाइटिंग म्हणजे खडूची बारीक पूड आणि टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड. तीन हात मारले, प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपरने हलकं घासून घेतलं. पांढऱ्याची हेळसांड करू नये. पातळ लावलेल्या रंगातून उजेड आत जातो, खालच्या पांढऱ्यावर आपटून परत येतो, आणि रंगाला जो जिवंतपणा येतो तो या परतीच्या उजेडाचा असतो.

आता रंग. इथे मला बरेच दिवस लागले, आणि ते सगळे दिवस आवडीचे होते.

शाळेत आपण शिकतो की लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग, बाकीचे त्यांच्यापासून होतात. छापखान्यात विचारलं तर ते निळसर सायन, गुलबक्षीकडे झुकणारा मॅजेंटा आणि पिवळा सांगतील. आणि आमच्या टिंटिंग मशीनमध्ये, म्हणजे शेड तयार करायच्या यंत्रात, डबे तीन नसतात, डझनभराहून जास्त असतात. पिवळेच दोन-तीन, लाल तितकेच, शिवाय रेड ऑक्साइड, यलो ऑक्साइड, काळा, हिरवा. कारण बाजारात मिळणारी कुठलीही पूड शुद्ध 'लाल' नसते. एखादी शेंदराकडे झुकते, एखादी डाळिंबाकडे. निळी एक मोरपंखाकडे जाते, दुसरी जांभळाकडे. ज्याला आपण मूळ रंग म्हणतो तो मनातला. डब्यात असतो तो एखादा विशिष्ट पदार्थ, त्याचा कण किती मोठा, तो किती झाकतो, उन्हात किती टिकतो, यासकट. दहा फुटांवर हे सगळं उघडं पडतं.

लाल निवडताना माझा पहिला प्रश्न टिकण्याचा होता. आपल्या घरात हे सगळ्यांना ठाऊक असतं. हळदीचा डाग कितीही घासला तरी जात नाही, उन्हात वाळत घातला की संध्याकाळपर्यंत फिका. तीच हळद चुन्याबरोबर कालवली की लाल होते, पण तोही लाल उन्हात राहत नाही. पिवळा आणि लाल म्हणून दोन्ही सुंदर, पण चित्रासाठी निकामी. अशीच चूक फार मोठ्या चित्रकाराच्या बाबतीत झालेली आहे. मार्क रॉथ्कोची मोठी चित्रं १९६४ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या जेवणाच्या दालनात लावली गेली. त्यांतल्या किरमिजी रंगात लिथॉल रेड होता. छपाईच्या शाईत चालणारा, स्वस्त, दिसायला देखणा, आणि उजेडात हमखास उडणारा. दालनाला मोठ्या खिडक्या. पंधरा वर्षांत चित्रं इतकी बदलली की १९७९ पर्यंत ती उतरवून ठेवावी लागली. २०१४ मध्ये ती पुन्हा दाखवली तेव्हा उडालेला रंग प्रोजेक्टरच्या उजेडाने चित्रांवर पाडला होता, वर एक थेंबही रंग न लावता. हे वाचलं तेव्हा मी नोकरीत होते, आणि त्या दिवशी लिथॉलचा नमुना कपाटातून काढून पुन्हा एकदा पाहिला होता. आम्ही तो बाहेरच्या भिंतीच्या कुठल्याही शेडमध्ये धरला नसता.

मी घेतला पिगमेंट रेड २५४. पिगमेंट म्हणजे रंगाची पूड, आणि आकडा हा तिचा क्रमांक. गाड्यांच्या रंगात वापरतात तो. महाग आहे, पण उन्हाला भीत नाही, आणि कुंकू आणि शेंदूर यांच्या मधोमध उभा राहतो. निळ्यासाठी अल्ट्रामरीन, पिगमेंट ब्लू २९. थॅलो नावाचा दुसरा निळा मी करून पाहिला. त्याची ताकद प्रचंड, चिमूटभर पुरतो, पण हिरव्याकडे जातो आणि जाड लावला तर काळसर होतो. अल्ट्रामरीन ओळखीचा आहे. आईच्या हातची धुण्याच्या निळीची पूड म्हणजे तोच. एके काळी तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दी दगडातून काढत आणि सोन्याच्या मोलाने विकत. फ्रान्समध्ये गिमे याने तो कृत्रिमरीत्या करून दाखवला आणि १८२८ मध्ये त्याला त्याचं बक्षीस मिळालं. तेव्हापासून तो गरिबाच्या बादलीत आला. चुन्याला तो दाद देत नाही, पण आम्ल त्याला मारतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या साहेबांनी अल्ट्रामरीनच्या पट्टीवर लिंबाचा थेंब टाकून दाखवला होता. थेंबाखालचा निळा उडाला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला. तो वास मी विसरलेले नाही.

मामांना तीन रंग पुरेसे वाटत नव्हते. "काळा कुठाय?" त्यांनी विचारलं. चित्रकार सय्यद हैदर रझांनी बिंदूच्या चित्रांत लाल, पिवळा, निळा यांच्या जोडीला काळा आणि पांढरा धरून पाच मूळ रंग मानले होते, आणि मामा रझांचं मानतात. मी म्हटलं, "मामा, पांढरा खाली आहेच. काळा नको, तो आला की तिन्ही रंग त्याच्याकडे बघायला लागतील." ते थोडं थांबले. मग म्हणाले, "बरं. तुझं चित्र आहे."

लालाच्या खाली काय द्यायचं यावर मात्र आमचा खरा वाद झाला. रंगाच्या धंद्यात लालाखाली राखाडी अस्तर देतात. लाल झाकायला कमी पडतो, राखाडीवर तो दोन हातांत भरतो. मामांचं म्हणणं, राखाडीने लाल मरतो. मी दोन फळ्या केल्या. एकीवर राखाडी, दुसरीवर त्याच लालात पांढरा मिसळून केलेला गुलाबी, आणि दोन्हींवर सारखे दोन हात लाल. जवळून फरक थोडा. दहा पावलांवरून राखाडीवाला लाल दारासारखा दिसत होता आणि गुलाबीवाला निखाऱ्यासारखा. चोवीस वर्षं जे बरोबर म्हणून सांगत आले ते डब्याच्या हिशोबाने बरोबर होतं, इथे मामा बरोबर होते. गुलाबी दिला. लालाला चार हात लागले.

पिवळ्याची गोष्ट लांब आहे.

झाकणारा, तेजस्वी आणि स्वस्त असा पिवळा म्हणजे लेड क्रोमेट, क्रोम यलो. त्यात शिसं. आपल्याकडे घरगुती रंगांमध्ये शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. लहान मुलं भिंत खरवडून तोंडात घालतात. पण शेड जुळवणाऱ्यांसाठी त्यानंतरचा पिवळा म्हणजे रोजची झटापट. सेंद्रिय पिवळे स्वच्छ असतात पण पारदर्शक, खालचं सगळं दाखवतात. यलो ऑक्साइड झाकतो, पण तो आपल्या पिवडीसारखा मातकट. कॅडमियम झाकतो आणि सुंदरही आहे, पण त्याची कोरडी पूड घरात हाताळायला मी तयार नव्हते. शेवटी दोन पिवळे एकावर एक घ्यायचं ठरवलं. खाली बिस्मथ व्हॅनेडेट, पिगमेंट यलो १८४. लिंबासारखा, थोडा थंड, पण झाकणारा. त्यावर पिगमेंट यलो १५४ चे पातळ हात, ज्यांनी तो उबदार होईल.

तेवीस किलोमीटर लोकलने आणि मग रिक्षाने मी तीन घट्ट झाकणांचे डबे भांडुपला नेले. मे महिना होता. पाच फूट रुंद, साडेपाच फूट उंच पिवळा, म्हणजे साधारण अडीच चौरस मीटर. एका हाताला चारशे ग्रॅमच्या आसपास रंग लागायचा. चित्र दोन ड्रमांवर फळ्या टाकून आडवं ठेवलं होतं. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने लेक, आणि मधे भेटायचं.

मधे जोड दिसला. दुपारी गाळ्याचा पत्रा तापलेला, रंग ब्रशखालीच सुकत होता. ओली कड ओली असेपर्यंत पुढचा पट्टा तिच्यात मिसळला तर जोड राहत नाही. सुकल्यावर मिसळला तर तिथे रंग दुप्पट होतो आणि वळ उठतो. शिवाय तिचा हात आणि माझा हात वेगळा. समोरून काही दिसत नव्हतं, पण बाजूने तिरपा उजेड पडला की मधोमध उभी रेघ. घासून काढलं. पुन्हा केलं. पुन्हा रेघ. रोलरने करून पाहिलं. रोलरने जोड गेला, पण सगळ्या पिवळ्यावर बारीक दाणे उठले आणि तो लिफ्टच्या भिंतीसारखा दिसू लागला. मामा म्हणाले, "गायतोंडे रोलर वापरायचे, पण रंग लावून सोडून देत नव्हते. लावायचा, काढायचा, परत लावायचा." वासुदेव गायतोंडे या चित्रकाराच्या चित्रातला रोलर आणि पॅलेट नाइफ मी एनजीएमएत, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, डोळे लावून पाहिलेला आहे. तिथे थरांच्या आत थर दिसतात. माझ्याकडे ते कसब नव्हतं आणि मला तो पृष्ठभागही नको होता. मला गुळगुळीत हवा होता, चित्रकार प्रभाकर बरव्यांच्या इनॅमलसारखा. २०१९ मध्ये काळा घोड्याला त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा मी तीनदा गेले होते. दुकानात डब्यात मिळतो त्या इनॅमल रंगात त्यांनी कॅनव्हासवर इतकं शांत काम केलेलं पाहून आमच्या धंद्याचा मला अभिमान वाटला होता. इनॅमल सावकाश सुकतो, ब्रशच्या खुणा स्वतःच भरून घेतो. माझं पाण्यातलं ॲक्रिलिक तसं थांबत नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि पिवळा सुटला.

मी पावसाची काळजी करत होते, कारण दमट हवेत रंग वाळत नाही. पण मला तेच हवं होतं. आठवडाभर संततधार, हवेत इतकं पाणी की खोक्यांचे पुठ्ठे मऊ पडलेले. ब्रशने सोडलेला पट्टा दहा-बारा मिनिटं ओला राहू लागला. मी लेकीला थांबवलं, ड्रमांवर चित्राच्या वरून एक आडवी फळी टाकली, तिच्यावर पोटावर आडवी झाले आणि सगळा पिवळा एकटीने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला. रंग हळूहळू स्वतःला समतल करत होता. ॲक्रिलिक ओलं असताना दुधाळ दिसतं, इमल्शनचे कण एकमेकांत विरघळून पारदर्शक झाले की रंग गडद होतो. हे मी शेकडो लोकांना समजावलेलं आहे. पण तळहाताएवढी पट्टी गडद होताना दिसत नाही. त्या दुपारी मी स्टुलावर बसून पाच फुटांचा पिवळा तासाभरात डोळ्यांसमोर पिकताना पाहिला. आंब्याच्या दिवसांत अढीतला आंबा रोज बघावा तसं, फक्त सगळं एका तासात.

असे तीन हात. नंतर भिंतीकडे पाहिलं तर पांढऱ्या चुन्यावर फिकट जांभळी छाया हलत होती. डोळ्यांत पिवळा इतका भरला होता की त्याचा विरोधी रंग सगळीकडे दिसत होता. घरी येईपर्यंत गाडीत समोरच्या बाईच्या पांढऱ्या ओढणीवरही तो होता.

पिवळा आणि निळा यांची कड करताना घाई नडली. पट्टी न लावता हाताने कड ओढायची असं ठरवलं होतं, कारण चिकटपट्टीने रंगाचा काठ उंच राहतो. पिवळा पूर्ण वाळला नव्हता, निळा त्याला टेकला, आणि दोन इंचभर हिरवा दोरा उमटला. खरवडला, एक दिवस थांबले, पुन्हा ओढला. निळा मी मुद्दाम पिगमेंट जास्त, बाइंडर म्हणजे पूड धरून ठेवणारं इमल्शन कमी असा केला होता. त्याने पृष्ठभाग चमकत नाही, मखमलीसारखा होतो, आणि अल्ट्रामरीनची पूड कागदावर दिसते तशी दिसत राहते. फ्रान्सच्या इव्ह क्लाइन या चित्रकाराने याच कारणासाठी अल्ट्रामरीनची पूड धरून ठेवायला वेगळं रेझिन शोधलं होतं. पण असा रंग नाजूक असतो. बोट घासलं तरी डाग उठतो.

जुलैत एका संध्याकाळी वीज गेली. सातच्या सुमारास, बाहेर अजून थोडा उजेड होता. चित्र भिंतीला उभं केलेलं. मी मोबाइलचा दिवा लावला नाही, बसून राहिले. पाच-दहा मिनिटांत लाल विझला. आधी तपकिरी, मग जवळजवळ काळा. पिवळा राखेसारखा झाला. आणि कोपऱ्यातला दोन फुटांचा निळा, जो दिवसभर सगळ्यात गप्प असायचा, तोच उजळ दिसू लागला. कारण ठाऊक होतं. अंधुक उजेडात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम करू लागतात, त्यांना लाल दिसत नाही, निळा-हिरवा चांगला दिसतो. पुर्किंजे नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे लिहून ठेवलंय. ठाऊक असणं आणि साडेपाच फुटांचा लाल आपल्यासमोर जाताना पाहणं यात फार अंतर आहे. वीज आली तेव्हा मला वाईट वाटलं.

त्याच महिन्यात पत्र्यातून गंजाचं पाणी लालावर पडलं. रुपयाएवढा डाग. पुसला तर तिथली चमक गेली. डब्यात तोच रंग शिल्लक होता, तेवढ्यावर हलकासा ब्रश फिरवला. वाळल्यावर डाग तसाच, फक्त आता त्याला कडा आली. रंग तोच, पण थर वेगळा, चमक वेगळी. तीन फुटांच्या सपाट लालात डोळा तिथेच जात होता.

मामांना गाळ्यात आणलं. त्यांनी खुर्ची मागवली, बराच वेळ पाहिलं आणि ॲमस्टरडॅमच्या चित्राची गोष्ट सांगितली. अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनने 'लाल, पिवळा, निळा यांना कोण घाबरतं' अशा नावाची चार चित्रं केली. त्यातलं तिसरं १९६७-६८ मधलं, सव्वादोन मीटर उंच, जवळजवळ साडेपाच मीटर लांब, बहुतेक सगळं लालच. १९८६ मध्ये एका माणसाने संग्रहालयात शिरून ते चाकूने फाडलं. दुरुस्तीला न्यूयॉर्कला गेलं, १९९१ मध्ये परत आलं, आणि ज्यांनी ते आधी पाहिलं होतं ते म्हणाले, लाल मेला. दुरुस्तीत रोलरने वरून सगळा रंग दिला गेला, तोही मूळचा तैलरंग नाही, असा आरोप झाला. तपासण्या झाल्या, कज्जेही झाले. "म्हणजे बघ," मामा म्हणाले, "चाकूने एक चित्र गेलं आणि दुरुस्तीने आणखी एकदा गेलं."

"मग मी काय करू?"

"ते चित्र त्यांचं नव्हतं, त्यांना हात लावायचा हक्क नव्हता. हे तुझं आहे, अजून ओलं आहे म्हण. सगळा लाल परत कर. ठिगळ लावू नकोस."

सगळ्या लालाला पाचवा हात दिला. पूर्ण, काठापासून काठापर्यंत, एका दमात. पावसाची मदत होतीच. डाग गेला, आणि लाल आधीपेक्षा खोल झाला, हे मी आजही मामांना सांगते.

चित्र जायचं होतं मुलुंडच्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये. ओळखीने भिंत मिळाली होती. दहा फुटांची फ्रेम जिन्यावर वळत नाही, म्हणून कापड फ्रेमवरून सोडवून फूटभर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलं. रंगाची बाजू बाहेर ठेवून, कारण आत ठेवली तर रंग चुरगळून दबतो, बाहेर असला तर नुसता ताणला जातो. मधे बटर पेपर. लालाकडून सुरुवात केली, म्हणजे निळा सगळ्यात बाहेर. दोरी आवळताना खाली आधार म्हणून मी बबल रॅपचा हातभर तुकडा ठेवला. बटर पेपर तिथे सरकला होता ते मला दिसलं नाही. सप्टेंबर संपत आलेला, ऊन परत आलेलं, टेम्पो एलबीएस मार्गावर पाऊण तास अडकला. ॲक्रिलिकचा थर उन्हात मऊ होतो.

हॉलमध्ये उलगडलं तर निळ्यावर नाण्यांच्या रांगेसारखी चमकणारी वर्तुळं होती. दाबाने मखमल घोटली गेली होती.

मी ओरडले नाही, रडलेही नाही. जमिनीवर बसले. टेम्पोवाला भाऊ म्हणाला, "ताई, पुसून जाईल ना?" पुसलं असतं तर आणखी घोटलं गेलं असतं. कापड फ्रेमवर चढवलं, भिंतीला उभं केलं, वाचनालयाच्या लोकांकडून दोन दिवस मागून घेतले. दुसऱ्या दिवशी घरून निळ्याचा डबा आणला. अल्ट्रामरीन तळाशी दगडासारखा बसतो, तो ढवळून मोकळा करायलाच अर्धा तास गेला. ठिगळ नाही. दोन फूट रुंद, साडेपाच फूट उंच, सगळा निळा परत. उभ्या चित्रावर वरून खाली ओढताना ओघळ येऊ नये म्हणून हात अगदी कोरडा ठेवला. पिवळ्याच्या कडेला आल्यावर श्वास धरला.

मामा संध्याकाळी आले. वाचनालयात लोक पेपर वाचत होते, एक आजोबा पिवळ्यासमोरच्या बाकावर बसून डुलक्या घेत होते. मामांनी जवळ जाऊन निळ्याची कड पाहिली, हात मागे बांधून. मग म्हणाले, "मागे लिही."

त्या रात्री चित्र पुन्हा भिंतीवरून उतरवलं. मधल्या आडव्या पट्टीवर पेन्सिलने लिहिलं: कापड, पन्हा बहात्तर इंच. अस्तराचं प्रमाण. लालाखालचा गुलाबी. पिगमेंटचे चारही क्रमांक. इमल्शन किती, पाणी किती, कुठल्या रंगाला किती हात आणि ते कुठल्या महिन्यात, कारण पावसातला हात वेगळा आणि उन्हातला वेगळा. निळ्याचा शेवटचा हात उभ्या चित्रावर दिलेला आहे, हेही लिहिलं. उरलेला रंग तीन काचेच्या बरण्यांत भरून झाकणं मेणाने बंद केली. निळा तीनशे ग्रॅम, लाल दीडशे, पिवळा सगळ्यात कमी. वाचनालयाच्या काकांना विचारून त्या जुन्या दिवाळी अंकांच्या कपाटात, उन्हापासून लांब, खालच्या फळीवर ठेवल्या.